सात थर पाठ असलेल्या मॅडम

अंजना शहारेला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी नेटवर्किंगचे सातही थर तिने धडाधड सांगितले असते. फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, ॲप्लिकेशन. खालून वर विचारा, वरून खाली विचारा. एका संगणकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचायला काही ठरलेले नियम लागतात, त्यांना प्रोटोकॉल म्हणतात, आणि ते या सात थरांत मांडलेले असतात, एवढं ती फळ्यावर सुंदर अक्षरात लिहायची. पोरं उतरवून घ्यायची. परीक्षेत तेच यायचं आणि पोरं पास व्हायची.

ही २००४ सालची गोष्ट. गोंदियाच्या कुडवा नाक्यावर टेकचंद सरांचं संकल्प कॉम्प्युटर सेंटर होतं, तिथे अंजना शिकवायची. वय चोवीस. मुर्रीहून सायकलने यायची. वडील, केवळराम, राइस मिलमध्ये पोती वाहत. घरात शिकून नोकरीला लागलेली ती पहिलीच, त्यामुळे रविवारी विहारात वंदना संपली की बायका आपल्या पोरींना तिच्यापुढे उभं करत आणि म्हणत, "ह्या मॅडमसारखी हो." तिला ते आवडायचं आणि आतून थोडी भीतीही वाटायची. कारण एक गोष्ट तिला एकटीलाच ठाऊक होती. सेंटरमध्ये आठ संगणक होते आणि त्यातला एकही दुसऱ्याला जोडलेला नव्हता. नेटवर्क तिने फक्त गाइडातल्या आकृतीत पाहिलं होतं.

दुसरी भीती भाषेची. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तिने प्राध्यापकांना 'का'ऐवजी घरच्या बोलीत "काऊन सर?" असं विचारलं होतं, आणि शहरातल्या पोरींनी वर्षभर तिचं नाव 'काऊन' पाडून ठेवलं होतं. तेव्हापासून तिने जीभ घासूनपुसून घेतली. सेंटरमध्ये ती पुस्तकातलं मराठी बोलायची, टेकचंद सरांशी हिंदी, मध्ये मध्ये इंग्रजी. घरची बोली सायकलीसोबत बाहेर ठेवायची.

त्या वर्षी पावसाळा संपता संपता सकाळच्या बॅचला एक नवा विद्यार्थी आला. खाकी शर्ट, खिशाला टेस्टर, बोटांची टोकं तारेने चिरलेली. पन्नाशीकडे झुकलेला माणूस. नाव सुकराम कापगते. टेलिफोन खात्यात लाइनमन. गाव अर्जुनी मोरगावकडचं, इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचं, पण बदली गोंदियात असल्याने कुडव्याला खोली करून राहत होता. खात्यात वरच्या पदाची परीक्षा निघणार होती, तिच्यात संगणकाचा एक पेपर होता, म्हणून तो आला होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांत तो पहिल्या बाकावर बसायचा, कारण लांबचं नीट दिसत नव्हतं. आणि प्रश्न विचारायचा.

सुरुवातीला प्रश्न सोपे असायचे. मग एके दिवशी अंजनाने टीसीपी नावाचा प्रोटोकॉल घेतला. दोन संगणकांनी बोलायला सुरुवात करण्याआधी त्यांच्यात तीन निरोप जातात, हे तिने फळ्यावर तीन बाण काढून दाखवलं. एक इकडून तिकडे, एक तिकडून इकडे, पुन्हा एक इकडून तिकडे.

सुकरामने हात वर केला. "मॅडम, एक इचारू का जी?"

"विचारा."

"हे तीनच निरोप काऊन? दोनात नाही भागत?"

अंजनाने मनातल्या मनात गाइडाचं ते पान उघडलं. पानावर तीन बाण होते. तीन का, ते लिहिलेलं नव्हतं.

"तसा नियम आहे," ती म्हणाली.

"नियम त आहे. पन ज्यानं केला त्यानं काही पाहूनच केला असन ना जी? तीनच काऊन?"

मागच्या बाकावर कोणीतरी खुसखुसलं. अंजनाचे कान तापले. पोरं आपल्याला हसताहेत की त्याला, हे तिला कळेना, आणि ते कळायच्या आत तिने त्यांचं हसू त्याच्याकडे वळवून दिलं.

"सुकरामजी," ती गोड हसून म्हणाली, "काऊन नाही, 'का' म्हणायचं. आधी आपण बोलायला शिका, मग संगणकांच्या बोलण्याचं बघू. आणि हे परीक्षेला नाही."

वर्ग खदखदून हसला. सुकरामही कसनुसा हसला, पेनाला टोपण लावलं आणि वही मिटली. दुसऱ्या दिवशी तो शेवटच्या बाकावर बसला, तिथून फळा दिसत नसतानाही. तिसऱ्या दिवशी आला, एक शब्द बोलला नाही. चौथ्या दिवसापासून आलाच नाही.

त्या चौथ्या दिवशी ती घरी पोचली तेव्हा वडील ओट्यावर बसले होते. "काऊन बाई, आज उशीर झाला?" त्यांनी विचारलं. रोजचाच प्रश्न, रोजच्याच आवाजात. अंजना सायकल टेकवता टेकवता थांबली. आत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं, आणि जेवताना बापाच्या ताटाकडे पाहिलं नाही.

तिने ठरवलं, सुकराम परत आला की माफी मागायची. तो परत आला नाही. शोधायला गेली असती तर खोली सापडली असती, कुडवा काही मोठं नव्हतं. ती गेली नाही. एक आठवडा टाळलं, मग महिना, आणि मग कळलं की त्याची बदली त्याच्या गावाकडच्या एक्सचेंजला झाली. तिला हायसं वाटलं. हायसं वाटल्याची लाज तिला पुष्कळ नंतर वाटली.

पुढच्या दोन वर्षांत सगळीकडे ब्रॉडबँडचा बोलबाला झाला. टेकचंद सरांना वारं लगेच कळायचं. त्यांनी पत्रकं छापली: शाळा-कॉलेजांत नेटवर्क बसवून मिळेल. खाली अंजनाचं नाव, आणि नावापुढे 'नेटवर्क एक्सपर्ट'.

"सर, मुझे उतना नहीं आता," ती म्हणाली.

"अरे मैडम, आप तो पढ़ाती हो," टेकचंद सर म्हणाले. "जो पढ़ा सकता है, वो बिठा भी सकता है."

तिने यावर काही बोलायला हवं होतं. पण पत्रकावर आपलं नाव छापलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं होतं. एक प्रत तिने घरी नेली. वडिलांनी ती हातात घेतली, उलटी-सुलटी पाहिली आणि भिंतीवर चिकटवली.

२००७ च्या जानेवारीत पहिलं मोठं काम आलं. अर्जुनीकडच्या एका गावातलं कनिष्ठ महाविद्यालय, बारा संगणक, नवीन टेलिफोन लाइन, मोडेम. प्राचार्य ईश्वरदास लांजेवार मोठे हौशी गृहस्थ. संगणक कक्षाच्या उद्घाटनाला त्यांनी संस्थेचे अध्यक्ष, आजूबाजूचे सरपंच, पत्रकार सगळ्यांना बोलावलं होतं. पाहुण्यांसमोर एकाच वेळी बाराही पडद्यांवर इंटरनेट दिसलं पाहिजे, एवढी त्यांची इच्छा. अंजना दोन दिवस आधी चांदाफोर्टच्या पॅसेंजरने पोचली आणि प्राचार्यांच्या बहिणीकडे उतरली.

तारा एका माणसाने आधीच टाकून ठेवल्या होत्या. तिला यंत्रांना नंबर द्यायचे होते. नेटवर्कमध्ये प्रत्येक यंत्राला आपला एक नंबर लागतो, टेलिफोनला असतो तसा. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. गाइडात पाहून तिने पहिल्या संगणकाला शेवटी एक असलेला नंबर दिला, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. शाळेच्या हजेरीसारखं नीटनेटकं. आणि इंटरनेट कधी आलं, कधी गेलं. पाच संगणकांवर दिसायचं, सातांवर नाही. मोडेम बंद करून चालू केला की आधी चाललेले बंद पडायचे. पहिल्या संगणकावर कोपऱ्यात एक पिवळी चौकट उगवायची, इंग्रजीत काहीतरी लिहिलेली. ती घाईघाईने फुली मारून ती घालवायची. विंडोज काढून पुन्हा टाकलं. तारा काढून पुन्हा खोचल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्राचार्य दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, होऊन राहिलं ना?"

"लाइनमध्ये प्रॉब्लेम दिसतो सर," अंजना म्हणाली.

तिला तसं खरंच वाटत होतं का? पुढे कितीदा तरी तिने स्वतःला हे विचारलं. वाटत नव्हतं. तोंडातून पहिल्यांदा जे निघालं ते तिने सोडून दिलं, एवढंच.

उद्घाटनाच्या सकाळी नऊ वाजता टेलिफोनवाला आला. खांद्याला तारेचं वेटोळं आणि हातात टेस्टिंगचा फोन. तो सुकराम होता.

त्याने तिला ओळखलं. "नमस्कार मॅडम," तो म्हणाला, आणि थेट कामाला लागला. डबी उघडली, तारांची जोडी तपासली, कानाला फोन लावून एक्सचेंजशी बोलला. दहा मिनिटांनी त्याने हात पुसले.

"लाइन त साफ आहे जी."

अंजनाच्या पाठीमागे बारा संगणक घुमत होते.

"मी पाहू का?" त्याने विचारलं. अगदी हळू, कोणाला ऐकू जाऊ नये असं.

तिने मान हलवली. तो पहिल्या संगणकापुढे उकिडवा बसला. तेवढ्यात ती पिवळी चौकट उगवली. अंजनाचा हात माउसकडे गेला.

"थांबा जी, वाचू द्या." तो एकेक अक्षर लावत वाचू लागला. "आयपी... ॲड्रेस... कॉन-फ्लिक्ट. कॉन्फ्लिक्ट म्हंजे भांडन ना मॅडम?"

"हो."

"ह्याचा नंबर कोनता ठेवला?"

"शेवटी एक."

"आन् मोडेमचा?"

मोडेमलाही नंबर असतो हे तिने पाठ केलं होतं. तो आपण पाहायला हवा, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. सुकरामने मोडेम उलटा केला. खाली कारखान्यातून चिकटवून आलेली चिठ्ठी होती. तोच नंबर, शेवटी एक.

"एका नंबराचे दोन फोन झाले," तो म्हणाला. "बाकीचे बिचारे मोडेमले हाका मारते, आन् मंधातच हा ओ देते. ह्याले तेरा करून पाहा."

तिने तेरा केला. मोडेम बंद करून चालू केला. एक, दोन, चार, करता करता बाराही पडदे उजळले. दोन दिवस ती ज्याच्यावर डोकं आपटत होती, ते पाव तासात झालं. आणि काय झालं होतं ते यंत्र पहिल्या दिवसापासून तिला सांगत होतं, सोप्या इंग्रजीत.

इतक्यात प्राचार्य आत आले. "झालं? अरे वा! काय होतं मग?"

सुकराम तारेचं वेटोळं उचलत होता. तो थांबला. त्याने अंजनाकडे पाहिलं आणि गप्प राहिला. बोलायची जागा त्याने तिला मोकळी करून दिली होती. ते तिला तिथल्या तिथे कळलं. हे कळून ती म्हणाली, "लाइनचाच प्रॉब्लेम होता सर. आता ठीक आहे."

प्राचार्य सुकरामकडे वळले. "दोन दिवस मॅडमले इथं राबवलं तुम्ही लोकानं. आज पाहुण्यासमोर माझी फजिती झाली असती, तर कोण जबाबदार होतं? खात्यात झोपा काढता का?"

सुकरामने अंजनाकडे पुन्हा पाहिलं नाही. "झालं जी आता दुरुस्त," एवढंच म्हणाला.

अकरा वाजता उद्घाटन झालं. फीत कापली, बारा पडद्यांवर बारा पानं उघडली, टाळ्या पडल्या. भाषणात प्राचार्यांनी टेलिफोनवाल्यांचा ढिसाळपणा सांगितला आणि त्यावर मात करणाऱ्या मॅडमचं कौतुक केलं. मग त्यांनी अंजनाला शाल आणि श्रीफळ दिलं. सुकराम अजून गेलेला नव्हता. प्राचार्यांनी त्याला कार्यक्रम होईस्तोवर थांबायला सांगितलं होतं, पुन्हा लाइन गेली तर म्हणून. तो भिंतीपाशी उभा होता आणि सगळ्यांसोबत त्यानेही टाळ्या वाजवल्या.

जेवणानंतर प्राचार्यांनी एक कागद पुढे केला. टेलिफोन खात्याला तक्रार. नवी लाइन सदोष, कर्मचाऱ्याची हलगर्जी, वगैरे. "तांत्रिक तज्ज्ञ म्हणून तुमची सही लागते मॅडम."

शाल अजून तिच्या खांद्यावर होती. तिने सही केली.

गोंदियाला परतताना पूर्ण वाटभर तिने स्वतःची समजूत घातली. अशा तक्रारी रोज जातात, कोण वाचतं? पण घरी येऊन तिने शाल ट्रंकेत खाली घातली, आणि आईने विचारलं तर "थंडी गेली आता" म्हणाली. नारळ मात्र वडिलांनी शेजारीपाजारी वाटला. लेकीच्या सत्काराचा नारळ. त्यांनी एक खोबऱ्याचा तुकडा तिच्याही हातावर ठेवला. तो तिने नंतर शेजारच्या पोराला दिला.

त्याच महिन्यात ती नागपूरला जाऊन नेटवर्किंगचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन आली. डिक्शनरी घेऊन बसायची, एक पान दोन दिवसांत. वाचायची त्यातलं निम्मं कळायचं नाही. पण जे कळायचं ते तिला तिच्याच चुका दाखवायचं. तीन वर्षं आपण पोरांना काय शिकवलं, हे तिला एकेका पानावर दिसत होतं. आधीच्या बॅचेसची पोरं रस्त्यात भेटून "नमस्ते मॅडम" म्हणायची, तेव्हा ती सायकलचा वेग वाढवायची.

जूनमध्ये सेंटरचा फोन बिघडला. दुरुस्तीला आलेल्या लाइनमनशी टेकचंद सर गप्पा मारत होते. बोलता बोलता सुकरामचं नाव निघालं.

"सुकरामभाऊचं वाईट झालं," तो लाइनमन म्हणाला. "एवढा अभ्यास केला होता परीक्षेचा. कोन्या कॉलेजवाल्यानं तक्रार ठोकली. मेमो भेटला. मेमो असला की परीक्षेले बसू देत नाही."

अंजना दुसऱ्या खोलीत होती. तिने खडू खाली ठेवला. बॅचला लवकर सोडलं.

त्या रविवारी ती पॅसेंजरमध्ये बसली. स्टेशनवरून तीन किलोमीटर चालत सुकरामचं गाव. कालव्याच्या पाण्यावर धानाच्या रोपांचे पऱ्हे हिरवेगार झाले होते. सुकराम अंगणात बसून बांबूच्या टोपलीची कड बांधत होता. त्याची बायको, नंदाबाई, दारात उभी होती. अंजनाने नाव सांगितलं.

"तुमीच का त्या मॅडम?" नंदाबाई म्हणाली. आवाज चढला नाही, पण तिने पाणी द्यायला पाऊलही उचललं नाही. "दोन महिने पुस्तकाले हात नाही लावला ह्यायनं तुमच्या क्लासातून आल्यावर. पोट्ट्यायसमोर बोली काढली म्हने ह्यायची. आन् आता हा मेमो. आमी काय केलं होतं तुमचं?"

"जाऊ दे ना वो," सुकराम म्हणाला.

"कायले जाऊ देऊ?"

अंजना येताना पूर्ण वाटभर वाक्यं जुळवत आली होती. 'मी आपली क्षमा मागते', 'माझ्याकडून अनवधानाने'. त्यातलं एकही तोंडातून निघेना. ती अंगणात खालीच बसली.

"अनवधान नव्हतं जी," ती म्हणाली. "मले माहीत होतं. तुमी माह्याकडं पाहिलं तवाच माहीत होतं. मले सारे हसतीन म्हनून मी खोटं बोलली. आन् क्लासात... मले उत्तर येत नव्हतं. म्हनून तुमच्या बोलीवर गेली. माह्या बापाचीबी हेच बोली आहे."

सुकरामने टोपली बाजूला ठेवली. नंदाबाई आत गेली आणि गडव्यात पाणी घेऊन आली. गडवा तिने अंजनाच्या हातात दिला नाही, शेजारी जमिनीवर ठेवला. ते पाणी अंजनाने घेतलं.

"मी लिहून देते," ती म्हणाली. "कॉलेजले आन् तुमच्या ऑफिसले. लाइन साफ होती, चूक माझी होती, असं."

"लिहा," सुकराम म्हणाला. "पन एक सांगू का? मेमो एकडाव निघाला की निघाला." मग तो म्हणाला, "ते तीन निरोपाचं तुमाले कोनी सांगतलं का मंग?"

"पुस्तकात वाचलं. नीट नाही समजलं."

"मी सांगतो. मी खांबावर चढलेला असतो. तिकडं एक्सचेंजात चंदाबाई. मी म्हनतो, हॅलो, माझा आवाज येऊन राहिला का? हा झाला एक. ते म्हनते, येऊन राहिला, माझा येते का तुमाले? हे झाले दोन. आता मले समजलं की दोनी बाजूनं चालू आहे. पन चंदाबाईले? तिचा आवाज माह्यापर्यंत आला का नाही, तिले काय मालूम? म्हनून मले बोलाच लागते, येते बा. तीन. दोनात थांबलं त एकाचा जीव टांगनीले राहते."

अंजनाने विचारलं, "तुमाले हे तवाच माहीत होतं?"

"अंदाज होता. बरोबर आहे का नाही, तेच त इचारत होतो."

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ते त्याने तिच्याकडून तपासून घ्यायला आणलं होतं.

तिने दोन्ही पत्रं लिहिली. टेलिफोन ऑफिसचं पत्र ती स्वतः घेऊन गेली. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला. "मॅडम, मेमो निघाला, त्याचं उत्तर आलं, फाइल बंद झाली. हे मी लावून ठेवतो. पण परीक्षा तर होऊन गेली." पुढची परीक्षा निघाली तेव्हा वयाची अट सुकरामला आडवी आली. तो लाइनमनच राहिला.

प्राचार्यांना पत्राचा राग आला. आपणच भर सभेत बोललेलं खोटं ठरत होतं. त्यांनी टेकचंद सरांना फोन लावला.

"लिखके क्यों दिया मैडम?" टेकचंद सर खरंच हळहळले. "मुँह से बोल देतीं, बात हवा हो जाती. अब मेरा नाम भी गया." नवीन पत्रकावर तिचं नाव नव्हतं. महिनाभरात तिने सेंटर सोडलं. ती जुनं पत्रक भिंतीवरून काढत असताना वडिलांनी कारण विचारलं, तेव्हा तिने त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, बोलीचंही. केवळराम म्हणाले, "मले वाटलंच होतं, तू आमच्यासंग कमी बोलतेस." आणि उठून बाहेर गेले. तिला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर तिने एका शाळेत तासिकेवर काम धरलं, आणि महिन्यातून दोन रविवार पुस्तक घेऊन सुकरामच्या अंगणात जाऊ लागली. ती इंग्रजीचा अर्थ सांगायची, तो त्याचा अर्थ लावायचा. काही प्रोटोकॉल निरोप पोचला की नाही याची खात्री करून घेतात आणि काही तो नुसता सोडून देतात, हे वाचल्यावर तो म्हणाला, "चालू बोलन्यात एखादा शब्द गेला त आपन का थांबतो? पन नंबर लिहून घेताना थांबतोच ना." ती लिहून घ्यायची. नंदाबाई सुरुवातीला घरातच राहायची. पुढे चहा देऊ लागली, पण अंजनाशी बोलताना 'मॅडम' हा शब्द तिने कधी वापरला नाही.

त्या लिखाणाची दोन वर्षांत एक वही झाली. मराठीत, सगळे प्रोटोकॉल खांब, तारा आणि एक्सचेंजच्या उदाहरणांनी समजावलेले. २०१० मध्ये गोंदियातल्या एका खाजगी आयटीआयमध्ये ती शिकवायला लागली तेव्हा पोरांनी ती वही झेरॉक्स करून घेतली. झेरॉक्सवाल्याने मुखपृष्ठाला नाव विचारलं. तिने दोन नावं लिहिली, सुकरामचं वर.

त्याने ती प्रत पाहिली आणि नावावर बोट ठेवलं. "माझं काढा जी."

"तुमचंच आहे सगळं."

"खात्यात कोनी पाहिलं त म्हनतीन, नोकरी सोडून बाकीचे धंदे करते. अजून सहा वर्सं काढाची आहेत मले. एका कागदानं झालं तेवढं पुरे."

ते तो तिला टोचायला म्हणाला नव्हता. खरोखरच घाबरून म्हणाला होता, आणि ती भीती त्याला कोणी लावली हे तिथे बसलेल्या दोघांनाही माहीत होतं. तिने नाव काढलं.

वही अजून चालते. आता ती भंडाऱ्यापर्यंत गेली आहे. पोरं येतात, म्हणतात, "मॅडम, किती सोपं करून लिहिलं तुम्ही." ती प्रत्येकाला सांगते की हे एका लाइनमनचं आहे, आणि पोरं मान डोलावून पहिल्या पानावर तिची सही मागतात.